छप्पन्नाव्या वर्षी व्हिडिओ प्रोडक्शन शिकायचंय? आधी एडिटिंगला बसा

सर, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय ५६, सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षक, रिटायरमेंटला दोन वर्षं, दोन लाख रुपये बाजूला काढलेत, आणि नंतर गावाकडच्या कारागिरांवर, म्हाताऱ्या माणसांवर छोट्या छोट्या डॉक्युमेंटरी करायच्यात. तर कॅमेरा कोणता घेऊ, कोर्स कुठला करू की यूट्यूबवर बघून होईल, ड्रोन घ्यावा का, आणि बावीस वर्षांच्या पोरांत जाऊन बसायचं कसं. मी एडिटर आहे, टेपच्या जमान्यापासूनचा, आणि आता वीकेंडला बॅचेस पण घेतो. त्यात पन्नाशीच्या पुढचे लोक दरवेळी असतातच, बँकेतून व्हीआरएस घेतलेले, डॉक्टर, मुलं परदेशात गेल्यावर मोकळ्या झालेल्या बायका. त्यांचं काय जमतं आणि कुठं अडतं ते बघून लिहितोय.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. निदान सहा महिने तरी नाही. तुमच्या वयाचा प्रत्येक विद्यार्थी पहिलं हेच करतो, हातात पैसे असतात आणि मनात बरीच वर्षं दाबून ठेवलेली हौस असते, मग दीड लाखाचा मिररलेस कॅमेरा येतो, दोन लेन्स येतात, कॅमेरा हलू नये म्हणून लावायचा गिंबल येतो, आणि वर्षभरानं ते सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात. माझं म्हणणं सरळ आहे, आधी एडिटिंग शिका, मग कॅमेरा. कोर्सवाले उलट क्रमानं शिकवतात कारण कॅमेरा हातात दिला की विद्यार्थी खूष होतो, पण शूट करताना काय चुकलं ते कॅमेऱ्यामागं उभं राहून कळतच नाही हो, ते एडिटिंगच्या टेबलवर कळतं.

हे करून बघा म्हणजे पटेल. शाळेत रोज खिचडी शिजते ना, त्या मावशींना आधी विचारा आणि आहे त्या मोबाईलवर शूट करा. पाचच शॉट. तांदूळ धुणारे हात, मावशींचा चेहरा, सगळी खोली दिसेल असा एक वाइड, त्यांच्या खांद्यावरून पातेल्यात, आणि पाचवा तुम्हाला सुचेल तो. प्रत्येक शॉट मोबाईल न हलवता मनात दहा आकडे मोजून, झूम नाही, पॅन म्हणजे मोबाईल आडवा फिरवणंही नाही. आता हे घरी आणून त्याचे चाळीस सेकंद करा. पहिल्यांदा काय होतं सांगतो. दोन शॉट तीनच सेकंदांचे निघतील कारण आपण दहा खूप भरभर मोजतो. हातांच्या शॉटमध्ये पळी उजव्या हातात आणि चेहऱ्याच्या शॉटमध्ये डाव्या, त्यामुळं ते दोन एकमेकांना लावले की डोळ्याला झटका बसतो. वाइडमध्ये मावशी डावीकडं बघतायत आणि क्लोजमध्ये उजवीकडं, कारण तुम्ही चुलीला प्रदक्षिणा घालत शूट केलंत, याला आमच्याकडं एक्सिस जंप म्हणतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे झाकण उघडून वाफ वर येते तो शॉट तुमच्याकडं नाहीच, त्या वेळी तुम्ही अँगल बदलत होतात. हे सगळं पुस्तकात वाचून "हो, बरोबर आहे" असं वाटतं आणि लोकेशनवर काहीच आठवत नाही. पण टेबलवर एकदा तो वाफेचा शॉट शोधून शोधून थकलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही आपोआप झाकणापाशी जाऊन थांबाल. मुलांचे चेहरे मात्र घेऊ नका, घ्यायचेच असले तर पालकांची लेखी परवानगी, तुम्हाला मी काय सांगायचं.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. दा विंची रिझॉल्व्हची फ्री आवृत्ती डाउनलोड करा, फ्री म्हणजे पंधरा दिवसांची ट्रायल नाही, कायमची फ्री, वॉटरमार्क येत नाही आणि अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं, तुम्हाला पुढची पाच वर्षं त्याबाहेरचं काही लागणार नाही. प्रीमिअर पण चांगलं आहे पण ते भाड्यानं, दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे. पहिल्या आठवड्यात इफेक्ट, ट्रान्झिशन, कलर यातलं काहीही उघडू नका. कीबोर्डवरची जे, के, एल ही तीन बटणं शिका, जे मागं, के थांब, एल पुढं, आणि आय-ओ नं शॉटची सुरुवात-शेवट ठरवायचा. जवळपास सगळ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच बटणं चालतात. एका हातात माऊस आणि डावा हात मांडीवर असं बसलेला माणूस दिसला की मी त्याचा डावा हात उचलून कीबोर्डवर ठेवतो, वय कितीही असो. शॉर्टकट विसरले जातात ही तुमच्या वयाच्या सगळ्यांची तक्रार, त्यावर उपाय जुनाच, हातानं कागदावर लिहा आणि मॉनिटरच्या खाली चिकटवा, प्रिंट काढून नाही.

मोबाईलच्या फुटेजच्या दोन भानगडी आधीच सांगून ठेवतो, कारण यांच्यापायी लोक "मला जमत नाही" म्हणून सोडून देतात आणि दोष त्यांचा नसतोच. एक, मोबाईल फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो आकडा, स्थिर ठेवत नाही, कमी-जास्त करतो, त्यामुळं लांब इंटरव्ह्यू एडिटिंगला घेतला की दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज सुटायला लागतात. हँडब्रेक नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, त्यातून फ्रेम रेट कॉन्स्टंट करून घ्या, मग एडिटिंगला घ्या. दोन, ट्यूबलाईटखाली शूट केलं की पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, आणि मोबाईल ३० फ्रेमवर आपल्या मनानं शटर, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेणार ते, ठरवतो. फ्रेम रेट २५ ठेवा, शटर १/५०, पट्ट्या जातात. साध्या कॅमेरा ॲपमध्ये ही सेटिंग नसतात, ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फ्री आहे, आधी आयफोनलाच होतं, २०२४ पासून अँड्रॉइडच्या ठराविक मॉडेल्सना पण आहे, तुमच्या फोनला चालतंय का ते बघा.

आणि फाइली! पन्नाशीच्या पुढच्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त रडणं इथं असतं. रिझॉल्व्ह तुमचा व्हिडिओ स्वतःमध्ये घेत नाही, तो फक्त कुठं ठेवलाय तो पत्ता लक्षात ठेवतो. तुम्ही पेनड्राइव्हवरून थेट एडिटिंग सुरू करता, रात्री पेनड्राइव्ह काढून ठेवता, आणि सकाळी टाइमलाइनभर, म्हणजे जिथं शॉट ओळीनं लावतो त्या पट्टीभर, लाल रंगात मीडिया ऑफलाइन. एक ताई अक्षरशः रडायच्या बेतात आल्या होत्या, त्यांना वाटलं सगळं पुसलं गेलं. काही पुसलं जात नाही, पेनड्राइव्ह लावा, जागा दाखवा, परत येतं. पण सवय म्हणून प्रत्येक कामाचं एक फोल्डर, त्याच्या आत फुटेज, आवाज, फोटो, प्रोजेक्ट असे वेगळे फोल्डर, आणि एकदा ठेवलं की हलवायचं नाही. सगळ्याची दुसरी कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, मुलाकडं वगैरे. फोरकेमध्ये १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणून सुरुवातीला फुल एचडीवरच राहा, कारागिराचे हात फुल एचडीत पण तेवढेच सुंदर दिसतात.

मराठी टायटल्सचं तुम्ही विचारलं नाहीत पण तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला त्रास होणारच. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते. जुन्या श्रीलिपी-कृतिदेव प्रकारच्या फॉन्टमधून कॉपी केलेला मजकूर असेल तर ते होणारच, युनिकोडमध्ये टाइप करा. प्रीमिअरच्या बऱ्याच व्हर्जन्समध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्टचा पर्याय निवडावा लागतो, तोही बघा. तरीही फुटलं तर टायटल बाहेर पारदर्शक पीएनजी फोटो म्हणून करून आणा, आम्ही लोक अजून करतो.

आता वयाचं. शिकण्याची बुद्धी वगैरे काही कमी होत नाही, अडचण डोळे आणि कान यांची असते आणि त्याबद्दल कुठल्याच कोर्समध्ये कुणी बोलत नाही कारण शिकवणारा स्वतः तिशीतला असतो. चाळिशीचा चष्मा असणारे लोक कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघून फोकस लावतात, त्यांना तिथं सगळंच शार्प वाटतं, किंवा सगळंच धूसर, आणि घरी आल्यावर कळतं की फोकस नाकावर नाही, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहे. पुढं कॅमेरा घ्याल तेव्हा व्ह्यूफाइंडर असलेलाच घ्या, त्याच्या शेजारी एक छोटं चाक असतं, डायॉप्टर म्हणतात, ते फिरवून चष्म्याचा नंबर तिथंच ॲडजस्ट होतो. ते लावताना समोरचं दृश्य बघायचं नाही, व्ह्यूफाइंडरमधली आकड्यांची अक्षरं रेखीव दिसेपर्यंत फिरवायचं. शिवाय फोकस पीकिंग सुरू ठेवा, जे शार्प आहे त्याच्या कडा रंगीत होतात.

मोतीबिंदू सुरू झाला असेल तर एडिटिंगमध्ये चित्राचे रंग सुधारताना सावध, डोळ्यातली काच पिवळी पडते, निळा रंग आपल्याला कमी दिसतो आणि आपण नकळत चित्र निळं करत सुटतो. म्हणून डोळ्यांवर नाही, स्कोपवर, म्हणजे चित्राचा उजेड आणि रंग मोजून दाखवणाऱ्या आलेखांवर विश्वास ठेवा, वेव्हफॉर्म आणि व्हेक्टरस्कोप रिझॉल्व्हच्या फ्री आवृत्तीतही आहेत. कानाचं तसंच. वयानुसार वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं कमी होतं, एलईडीची किंवा स्वस्त चार्जरची शिट्टीसारखी बारीक किर्र रेकॉर्डिंगमध्ये असते आणि ती तुम्हाला, खरं सांगायचं तर आता मलाही, ऐकू येत नाही. घरात नाहीतर वर्गात एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराला हेडफोन लावून ऐकवा, तो लगेच सांगतो "सर, मागं काहीतरी वाजतंय". आवाजाचा मीटर बोलताना उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, शून्याला टेकला की फाटला, आणि फाटलेला आवाज नीट होत नाही. लोक हलकं चित्र सहन करतात, खराब आवाज करत नाहीत, म्हणून दोन लाखातला पहिला खर्च कॉलर माईकचा.

कोर्स करा. यूट्यूबवर माहिती सगळी आहे, पण यूट्यूब तुमचं काम बघून "हा शॉट इथं का लावला" असं विचारत नाही, आणि सोमवारी सबमिट करा असंही म्हणत नाही. कोर्सची फी या दोन गोष्टींसाठी द्यायची असते. तुमच्या जवळचं ठिकाण म्हणजे पुण्याचं एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रोडवर जिथं पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता तिथं १९६० साली सुरू झालेलं. तिथल्या तीन वर्षांच्या कोर्सच्या नादाला लागू नका, त्याला वय आड येतं म्हणून नाही, तीन वर्षं घर सोडून तो अभ्यास झेपवणं वेगळं म्हणून. पण २०१७ पासून ते छोटे कोर्स घेतात, काही दिवसांचे, काही आठवड्यांचे, स्मार्टफोनवर फिल्म करणं, एडिटिंग, स्क्रीनप्ले, डॉक्युमेंटरी, काही कॅम्पसवर, काही ऑनलाइन, काही इतर शहरांत. तिथं सगळ्या वयाचे लोक येतात. उन्हाळ्यातला फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स तर शिक्षकांनी करावाच, तंत्र शिकवत नाहीत पण बघायला शिकवतात, आणि मे महिन्यात तुम्हाला सुट्टी असते. मुंबईत माहितीपटांचा मिफ फेस्टिव्हल दर दोन वर्षांनी भरतो, तिथं चार दिवस नुसते माहितीपट बघत बसलात तरी बरंच शिकाल.

प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये जाणार असाल तर ब्रोशरवरचे कॅमेऱ्यांचे फोटो बघू नका. जाऊन तीन गोष्टी विचारा. एका मशीनवर किती विद्यार्थी बसतात. माझे रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, कोण बघणार आणि किती वेळ. आणि मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्म आत्ता दाखवता का, निवडक नाही, सगळ्या. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले तर हसा आणि बाहेर पडा, तुम्हाला प्लेसमेंट नकोच आहे.

पोरांत बसायचं टेन्शन दोन दिवसांत जातं. तुम्हाला पहिल्या दिवशी काका म्हणतील, दुसऱ्या दिवशी डब्यात काय आहे विचारतील. धोका वेगळाच आहे. ग्रुपमध्ये फिल्म करायची वेळ आली की वयानं मोठा माणूस आपोआप प्रोडक्शनला लागतो. लोकेशनची परवानगी काका आणतील, त्यांची ओळख आहे. गाडी काकांची. वडापाव काका सांगतील. पोलिस आले तर काका बोलतील. चार दिवसांचं शूट संपतं आणि काकांनी ना कॅमेऱ्याला हात लावलेला असतो ना एडिटिंगला, वर सगळे म्हणतात काका होते म्हणून झालं. याला बळी पडू नका. पहिल्याच मीटिंगला सांगा, परवानगी आणून देतो पण एडिट मी करणार. आणि तुमच्या बाजूनं एक पथ्य, वर्गात मास्तर होऊ नका. बावीस वर्षांचा दिग्दर्शक चुकीचा अँगल लावतोय असं दिसलं तरी बूम, म्हणजे काठीवरचा माईक, धरून गप्प उभं राहायचं, त्याला टेबलवर कळेल.

एका बाबतीत मात्र ही पोरं तुमच्या जवळपास पण येऊ शकत नाहीत. माणसं तुमच्याशी बोलतात. तीस वर्षांची नोकरी म्हणजे गावातला निम्मा लोहार-सुतार तुमचा विद्यार्थी असेल नाहीतर विद्यार्थ्याचा बाप. पण कॅमेरा लागला की तोच माणूस टीव्हीवरच्या बाईटसारखा बोलायला लागतो, "त्या ठिकाणी", "या माध्यमातून" सुरू होतं. त्याला बसवून मुलाखत घेऊ नका, काम करता करता बोलू द्या, भाता चालू असताना कुणी पुस्तकी बोलत नाही. भात्याच्या आवाजात बोलणं बुडतं म्हणाल तर कॉलर माईक त्यासाठीच घेतलाय. आणि शिक्षकांची एक खोड असते, समोरच्याचं वाक्य आपणच पूर्ण करायचं, "हं, बरोबर, शाब्बास" करत राहायचं. ते सगळं त्याच्या आवाजावर चढतं आणि नंतर काढता येत नाही. नुसती मान हलवा. प्रश्न असा विचारा की उत्तर एकटं उभं राहील, "किती वर्षं करताय" असं विचारलं तर "चाळीस" एवढंच मिळतं आणि तुमचा प्रश्न कापला की त्या चाळीसचं काय करायचं? "हे काम तुमच्याकडं कसं आलं ते सांगा" म्हणा आणि मग गप्प. उत्तर संपलं असं वाटल्यावर पाच सेकंद अजून गप्प, चांगलं वाक्य बऱ्याचदा तिथंच येतं. निघताना सगळ्यांना शांत राहायला सांगून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, दोन वाक्यांच्या मधल्या फटी भरायला तो लागतो.

विषय छोटा घ्या. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन तंत्र शिकून, कॅमेरा घेऊन आले तेव्हा एकेचाळीस-बेचाळिशीचे होते, आणि आल्यावर भांडवल देणाऱ्याला पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ शूट केली, थोड्या थोड्या वेळानं एकेक फ्रेम. राजा हरिश्चंद्राची गोष्ट नंतर. तुम्ही मात्र लोक पहिल्या फटक्यात आख्ख्या तालुक्याच्या इतिहासावर दोन तासांची डॉक्युमेंटरी काढता. वाटाणा आजही मोबाईलच्या टाइमलॅप्सवर होतो, फोन चार्जरला लावून, खिडकी बंद करून एकच दिवा चालू ठेवून, नाहीतर ऊन-सावलीनं चित्र लुकलुकतं. स्थिर फ्रेम म्हणजे काय ते त्यातून शिकाल.

पैशांचं असं करा. ऐंशी-नव्वद हजार लॅपटॉपला, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, याच्या खाली उतरू नका नाहीतर रिझॉल्व्ह रडवतो. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क, कॉलर माईक, कान झाकणारे साधे हेडफोन, आणि ट्रायपॉड वजनदार घ्या पण स्वतः उचलून दुकानात एक चक्कर मारून बघा, कंबर तुमची आहे. कोर्सला काही राहू द्या. उरलेल्याला हात लावू नका, सहा महिन्यांनी तुम्हाला नक्की काय कमी पडतंय ते कळलेलं असेल, आणि तोपर्यंत पुण्या-मुंबईत, अगदी साताऱ्यात सुद्धा, कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं मिळतो. पार्श्वसंगीताला जुनी गाणी लावू नका, कितीही मोह झाला तरी, यूट्यूबची स्वतःची फ्री ऑडिओ लायब्ररी आहे, नाहीतर गावातल्याच भजनी मंडळाला विचारून रेकॉर्ड करा.

ड्रोनचं शेवटी. डोंगराचा वरून शॉट सगळ्यांनाच हवा असतो, तुमच्या विषयाला तो लागतो असं मला वाटत नाही. पण घेणारच असाल तर २५० ग्रॅमच्या आतला घ्या, त्याच्यावर गेलात आणि कामासाठी उडवायचा म्हटलं की ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, त्याला दहावी पास आणि वय १८ ते ६५ अशी अट आहे, म्हणजे तुमच्या हातात अजून नऊ वर्षं आहेत. उडवण्याआधी डिजिटल स्काय पोर्टलवर नकाशा बघा, लाल भागात परवानगीशिवाय नाही. आणि खाली गुरं चरत असतील तर उंच ठेवा, बैल बिथरतात.